फिरता वेल्डिंग सेट : वाहतूक आणि मांडणी

इंजिनवर चालणाऱ्या वेल्डिंग सेटमध्ये इंजिन आणि जनरेटर एकाच चौकटीत बसवलेले असतात. डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन जनरेटर फिरवते आणि त्यातून वेल्डिंगचा प्रवाह मिळतो. बहुतेक सेटांवर ग्राइंडर, ड्रिल किंवा दिव्यांसाठी २३० व्होल्टचे सॉकेटही असते. जिथे वीज नाही तिथे काम करता येते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र वर्कशॉपमधली पक्की फरशी, कायमची अर्थिंग आणि मोकळी जागा सेटबरोबर येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी ती सोय नव्याने करावी लागते.

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुका धानाचा आणि जंगलाचा. गुजरातमधील हजिऱ्याहून ओडिशातील पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ याच तालुक्यातून जातो. रोवणीपूर्वीच्या चिखलणीत ट्रॅक्टरच्या केजव्हीलची पट्टी तुटते, मळणीत थ्रेशरचा सांगाडा तडकतो, रस्त्याकडेचा लोखंडी कठडा वाकतो. अशा वेळी तुटलेली वस्तू वर्कशॉपमध्ये नेण्यापेक्षा सेटच जागेवर नेणे सोयीचे पडते.

वाहतूक

लहान पेट्रोल सेटचे वजन शंभर किलोच्या आसपास असते. डिझेलचे मोठे सेट कित्येकशे किलोंचे असतात. एवढे वजन केवळ स्वतःच्या भाराने जागेवर राहील असे मानणे चूक आहे. जोराचा ब्रेक लागला की ते पुढे सरकते, वळणावर कलंडते. म्हणून सेट उभाच ठेवून चारही बाजूंनी रॅचेट बेल्टने किंवा साखळीने गाडीच्या पक्क्या हुकांना बांधावा. बेल्ट सेटच्या चौकटीला किंवा पायाला अडकवावा. पत्र्याच्या झाकणाला किंवा हँडलला नव्हे. क्रेनने उचलताना वरच्या कडीचा उपयोग फक्त सेटपुरता करावा. ट्रॉली किंवा गॅस सिलिंडर जोडलेले असताना त्या कडीने उचलू नये.

निघण्यापूर्वी इंजिन बंद, इंधनाचा कॉक बंद आणि टाकीचे झाकण घट्ट असावे. सायलेन्सर गरम असताना ताडपत्री टाकू नये. इंधनाचा कॅन उभा, घट्ट झाकणाचा आणि चालकाच्या केबिनबाहेर ठेवावा.

सेट स्वतःच्या ट्रॉलीवर असेल, तर भाराची वाटणी महत्त्वाची ठरते. एका धुरीच्या ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. म्हणजे ६०० किलोच्या ट्रॉलीत ६० ते ९० किलो. भार मागे गेला, तर वेगात ट्रॉली डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. तो फार पुढे आला, तर ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंगची पकड कमी होते. हुकाच्या पिनेला लॉक हवे. दोन सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देत बांधल्या, तर पीन निसटली तरी दांडा साखळ्यांवर टेकतो, रस्त्यात रुतत नाही. टायरची हवा, मागचे दिवे, रिफ्लेक्टर आणि वर उचललेला जॅक एकदा पाहून घ्यावा. काही किलोमीटर गेल्यावर थांबून बेल्ट पुन्हा ताणावेत. पहिल्या हादऱ्यांत ते हमखास सैल पडतात.

जागेची निवड

सेट सपाट आणि टणक जमिनीवर ठेवून चाकांना लाकडी गुटके लावावेत. बांधीचा धुरा जवळचा वाटतो, पण पावसात त्याची कड खचते. शिवाय तिरप्या इंजिनात तेल एका बाजूला जाते आणि पंपाला पुरेसे मिळत नाही. किती उतार चालतो हे त्या सेटच्या पुस्तिकेत दिलेले असते.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे गोदाम, गोठा किंवा राइस मिलच्या शेडमध्ये, दारे उघडी असली तरी, सेट चालवू नये. तो बाहेर ठेवावा आणि केबल आत न्यावी. सायलेन्सरचे तोंड माणसांपासून दूर आणि वाऱ्याच्या दिशेने असावे. थंड हवा आत घेण्याच्या आणि गरम हवा बाहेर टाकण्याच्या जाळ्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

जोडणी

सेटच्या चौकटीची अर्थिंग उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे करावी. सेट गाडीवरच ठेवून चालवायचा असेल, तर चौकट आणि गाडीची चेसिस धातूने जोडलेली असावी. खालचे रबर किंवा प्लॅस्टिक दोन्हींना वेगळे करते. सॉकेटवर ग्राइंडर चालवताना ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असावा. तो वेल्डिंगच्या होल्डरपासून मात्र संरक्षण देत नाही. सेटची वीज घराच्या किंवा शेतपंपाच्या वायरिंगमध्ये कधीही सोडू नये. ती उलट दिशेने रोहित्रात गेली, तर ११ हजार व्होल्टची होऊन तारांवर येऊ शकते आणि ‘लाइन बंद आहे’ असे समजून काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

परतीचा क्लॅम्प कामाच्या जागेला जितका जवळ, तितका चांगला. केजव्हील ट्रॅक्टरवर असताना क्लॅम्प चेसिसला लावला, तर प्रवाह अॅक्सलच्या बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात. केजव्हील काढून, चिखल व गंज खरवडून, क्लॅम्प त्यालाच लावणे उत्तम. ते काढता येत नसेल, तर आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीची ऋण तार सोडवावी.

केबलची जाडी अंतरावर ठरते. सेट ३० मीटर दूर असेल, तर जाणे-येणे मिळून ६० मीटर केबल लागते. १२० अँपिअरला १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे ७.७ व्होल्ट वाया जातात; ३५ चौरस मिलिमीटरमध्ये साडेतीनच. आर्कचा दाब २५ व्होल्टच्या आसपास असताना हा फरक जाणवतोच. उरलेली केबल गुंडाळीत ठेवून काम करू नये; ती तापते.

आर्क पेटलेला नसताना होल्डरवर सेटनुसार ६० ते १०० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यांत ते जाणवत नाहीत, पण ओल्या अंगाला तोच झटका प्राणघातक ठरू शकतो. म्हणून बांधीच्या पाण्यात उभे राहून वेल्डिंग करू नये. वस्तू कोरड्या जागी आणावी, पायात बूट आणि खाली कोरडी फळी असावी. महामार्गाच्या कठड्यांवर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगची जागा आधी ग्राइंडरने घासून घ्यावी. तरीही जस्ताचा धूर नाकात गेल्यास काही तासांनी थंडी-ताप येतो.

इंधन आणि आग

इंधन भरताना इंजिन बंद आणि थंड असावे. कॅन गाडीच्या प्लॅस्टिक तळावर न ठेवता जमिनीवर ठेवून भरावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. टाकी काठोकाठ भरू नये. दहा लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर सुमारे २०० मिलिलिटरने वाढते.

ठिणगी बरीच दूर जाते, म्हणून ११ मीटरच्या परिसरात जळण्याजोगे काही नसावे, असा सर्वमान्य दंडक आहे. कापणीनंतर बांधीत धानाची पुंजणी आणि तणस असते. उन्हाळ्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास वाळलेल्या पाल्याचा थर पडतो. अशा ठिकाणी जागा झाडून, ओली करून घ्यावी. जमत नसेल, तर वस्तूच दूर न्यावी. पाणी, वाळू आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. पेटलेल्या इंधनावर पाणी मारू नये. वेल्डरचे डोळे काचेआड असतात, म्हणून ठिणग्यांवर लक्ष ठेवायला दुसरा माणूस हवा. काम संपल्यावर त्याने किमान अर्धा तास, शक्यतो तासभर तिथेच थांबावे, कारण तणसातली ठिणगी आत धुमसत राहते आणि उशिरा पेट घेते.

तोपर्यंत आवराआवर होते. सेट काही मिनिटे भाराविना चालवून बंद करावा, होल्डरमधले रॉडचे थोटूक काढावे, केबलचे आवरण कुठे चिरले आहे का ते पाहत ती गुंडाळावी. सायलेन्सर थंड झाल्यावर इंधनाचा कॉक बंद करून सेट येताना बांधला होता तसाच बांधावा.