आकाशनौकेचा क्रमांक

गेल्या दिवाळींत आमचा नातू पुण्याहून घरीं आला, तेव्हां त्याच्या सदऱ्यावर 'एन्. सी. सी. १७०१' अशीं अक्षरें होतीं. चिरंजीव राष्ट्रीय छात्रसेनेंत दाखल झाले, अशा समजुतीनें आम्हीं त्याची पाठ थोपटली. तो हंसून म्हणाला, "आजोबा, हा 'एंटरप्राइज'चा नोंदणी-क्रमांक आहे!" 'एंटरप्राइज' ही १९६६ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी-मालिकेंतील आकाशनौका. अशा काल्पनिक नौकांच्या नांवांवरून व क्रमांकांवरून मालिकेचे रसिक पन्नासाहून अधिक वर्षें वाद घालीत आले आहेत, हें ऐकून आम्हीं त्याला फटकारलें, "जी नौका नाहींच, तिच्या क्रमांकाचा वाद म्हणजे वंध्यापुत्राची जन्मपत्रिका!" मुलगा हिरमुसला. दोन दिवस तो आमच्या वाऱ्यासही उभा राहिला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आमच्या सौभाग्यवतींनीं कपाटांतून एक जुनी वही काढून आमच्यापुढें ठेवली. "तरुणपणीं आपण काय करीत होतां, तें पाहा," एवढेंच त्या म्हणाल्या. वहींत एका अक्षौहिणीचा हिशेब होता: रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. अठरा अक्षौहिणींस कुरुक्षेत्रावर जागा किती लागेल, याचें त्रैराशिक आम्हींच मांडलें होतें! आम्ही निरुत्तर झालों, आणि नातवास जवळ बसवून सर्व हकीकत विचारून घेतली. ती वाचकांपुढें ठेवतों.

'एंटरप्राइज'चें रूप योजणारे मॅट जेफरीज हे स्वतः वैमानिक होते. अमेरिकेच्या नागरी विमानांवर पूर्वीं 'एन्. सी.' हीं अक्षरें असत. तीं घेऊन त्यांनीं आणखी एक 'सी' जोडला. १७०१ या आंकड्यामागील विचार तर अगदींच साधा. ३, ६, ८, ९ हे अंक दुरून एकमेकांसारखे दिसतात, म्हणून ते टाळले. म्हणजे मूळ सूत्र दृष्टीच्या सोयीसाठीं रचलेलें. पण सूत्र म्हटलें कीं भाष्य आलेंच. 'सतरावा आराखडा व त्यांतील पहिली नौका' असा अर्थ पुढें लावण्यांत आला.

१९६७ मध्यें खरी अडचण उभी राहिली. एका भागांत 'कॉन्स्टेलेशन' नांवाची, त्याच वर्गांतील नौका दाखवावयाची होती. बाजारांत मिळणारा 'एंटरप्राइज'चा जुळणी-संच आणून, त्यांतल्याच अंकांची अदलाबदल करून तिच्यावर १०१७ हा क्रमांक चिकटविण्यांत आला. काम भागलें, परंतु रसिकांची झोंप उडाली. दोघी सख्ख्या बहिणी, मग एकीचा क्रमांक ६८४ नें मागें कसा? कोणी म्हणाले, ती जुनी नौका पुढें नव्या धर्तीवर बांधून काढली असावी. कोणी म्हणाले, क्रमांक कालक्रमानें दिलेच जात नाहींत. चिकटविणाऱ्याच्या हातीं तेवढेच अंक होते, हें उत्तर ठाऊक असूनही त्यानें कोणाचें समाधान होईना!

याहून रंगतदार वाद उरलेल्या नौकांचा. त्याच वर्षींच्या दुसऱ्या एका भागांत भिंतीवरील फलकावर कांहीं क्रमांक दिसले, पण त्यांपुढें नौकांचीं नांवें नव्हतीं. १९७० नंतरच्या दशकांत ग्रेग जीन या तरुण रसिकानें एका हौशी नियतकालिकांत लेख लिहून त्या क्रमांकांशीं नांवें जुळविलीं. उलट फ्रांझ जोसेफ यांनीं १९७५ च्या आपल्या तांत्रिक पुस्तिकेंत १७०० पासून ओळीनें क्रमांक दिले. परिणामीं १७०३ हा क्रमांक एकाच्या मतें 'हूड'चा, तर दुसऱ्याच्या मतें 'लेक्सिंग्टन'चा! शाखाभेदच झाला म्हणावयाचा. पुढें १९९४ च्या 'स्टार ट्रेक' कोशानें जीन यांचा पक्ष उचलून धरला. तोंवर ते स्वतः चित्रपटांसाठीं प्रतिकृती घडविणारे नामांकित कारागीर झाले होते.

नांवांस तर इतिहासाचें वजन आहे. 'हूड' हें १९४१ सालीं बुडालेल्या ब्रिटिश युद्धनौकेचें नांव. 'लेक्सिंग्टन' व 'यॉर्कटाउन' या अमेरिकेच्या विमानवाहू नौका १९४२ मध्यें बुडाल्या. शीतयुद्ध चालू असतां १९६८ च्या एका भागांत याच ताफ्यांत 'पोटेम्किन' हें रशियन युद्धनौकेचें नांवही आलें. जलसमाधि घेतलेल्यांचें स्मरण आणि शत्रूशीं सलोख्याची आशा, दोन्ही एकाच यादींत!

या प्रेमानें एकदां खऱ्या यानासही नांव दिलें. १९७६ सालीं 'नासा'च्या पहिल्या अवकाशविमानासाठीं 'कॉन्स्टिट्यूशन' हें नांव योजिलेलें होतें. रसिकांनीं पत्रांचा वर्षाव केला, आणि अध्यक्ष फोर्ड यांनीं 'एंटरप्राइज' हें नांव पसंत केलें. दैवगति अशी कीं, तें यान वातावरणांतील चांचण्यांपुरतेंच वापरलें गेलें. अवकाशांत तें कधींच गेलें नाहीं. २०१२ पासून तें न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयांत आहे. काल्पनिक 'एंटरप्राइज' तारामंडळ हिंडून आली, खरी मात्र भूमीवरच राहिली!

आमच्या प्राचीन टीकाकारांस दोन वचनांत विरोध दिसला, तर ग्रंथकार चुकला असें म्हणून ते मोकळे होत नसत, एकवाक्यता शोधीत. करमणुकीच्या खेळाची शास्त्रग्रंथांशीं बरोबरी करण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि प्रेमाची रीत दोहींकडे एकच दिसते. आम्हीं नातवास विचारलें, "हें सारें खोटें, हें ठाऊक असतां एवढी मेहनत कां?" तो म्हणाला, "गोष्ट खोटी आहे, म्हणूनच हिशेब तरी खरा नको का, आजोबा?" ज्या घरीं अशीं मुलें असतील, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं फटकारण्यापूर्वीं आपापलीं जुनीं कपाटें एकदां उघडून पाहावींत.

जातांना तो आमची वही मागून घेऊन गेला. अक्षौहिणीच्या त्रैराशिकांत एक चूक आहे, असा त्याचा परवांच निरोप आला. ती चूक नव्हेच, हें सिद्ध करण्याच्या उद्योगांत आम्ही सध्यां आहों.