नाक गच्च आहे? मग बुडी नको, चढाईही जपून

थंडीत आदिलाबाद जिल्ह्याचा पारा तेलंगणात सगळ्यात खाली उतरणाऱ्यांपैकी, हे आपल्याला सांगायला नको. त्याच दिवसांत कापूस वेचणी, शेकोटीचा धूर, पहाटे पाण्यात उतरून जाळी काढणं आणि संध्याकाळी संक्रांतीच्या सामन्यांची तयारी. सगळा भार नाकावर. आधी सर्दी, मग कपाळ ठणकतं, वाकलं की गालात कळ येते, नाकातून पिवळं-हिरवं येतं.

याला आपण 'सायनस झालं' म्हणतो. खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळ, गाल आणि डोळ्यांच्या मधल्या हाडातल्या त्या पोकळ्या. सर्दीनं त्यांची वाट सुजून बंद झाली की आत साचतं आणि दुखतं.

कबड्डी म्हणा नाहीतर आपल्या तेलुगू भावांसारखं चेडुगुडु म्हणा, खेळ सगळा दमाचा. चढाई 30 सेकंदांची, तीही एका दमात बोलत. नाक गच्च असलं की पोरगा तोंडानं श्वास घेतो, मैदानाची धूळ सरळ घशात जाते, दम तुटतो. नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, तर हलकं खेळायला हरकत नाही. डोकं ठणकायला लागलं की बाहेर बसायचं. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल तर मैदानात उतरायचंच नाही, मग फायनल का असेना. कॅप्टन मंडळींनी हे जरा मनावर घ्यावं.

बुडीचं त्याहून अवघड. दोन मीटर खाली गेलं तरी दाब साधारण पाचव्या हिश्श्यानं वाढतो. वाट बंद असली की आतली हवा तो दाब सारखा करू शकत नाही, म्हणून कपाळात सुरी खुपसल्यासारखं होतं, कधी नाकातून रक्त येतं. पोहण्याची शर्यत असो की खुंटाला अडकलेलं जाळं, नाक मोकळं होईपर्यंत दुसऱ्याला उतरू द्या.

आता गोळ्यांचं. बहुतेक वेळा हे विषाणूमुळे होतं आणि आठ-दहा दिवसांत आपोआप उतरतं. मेडिकलमधून मागून आणलेल्या अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नाही. नाक मोकळं करणारे थेंब सामन्याआधी बरे वाटतात, पण तीन ते पाच दिवसांच्या वर घातले तर तेच नाक उलट जास्त बंद करतात. बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. वाफेनं आराम पडतो, पण लहान पोरांजवळ उकळतं भगोणं ठेवू नका.

सगळ्यात कामाचं म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. एक कप पाणी, पाव चमचा मीठ. पण पाणी निदान एक मिनिट खळखळ उकळून, झाकून कोमट केलेलंच हवं. तळ्याचं, विहिरीचं, नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. केरळमध्ये 2024 आणि 2025 साली मेंदूत शिरणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले, काही दगावले. हा जीव गोड्या, कोमट पाण्यात राहतो. प्यायल्यानं होत नाही, नाकातून वर गेला तर होतं. आजार फार क्वचित होतो, पण झाला तर वाचणं कठीण. म्हणून उन्हाळ्यात तळं आटून पाणी तापलं की पोट्ट्यांनी नाक दाबूनच उडी मारावी, तळाचा गाळ ढवळू नये.

एकाच बाजूचं दुखणं आणि घाण वास असेल तर वरची दाढ तपासून घ्या. किडलेल्या दाढेचा पू थेट गालाच्या सायनसमध्ये उतरतो. बिडी, गुटख्यावाल्यांनी दात तर बघावेतच.

दहा दिवस उलटले, किंवा बरं वाटून पुन्हा उलटलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान ताठणं, ग्लानी, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा आणि आदिलाबादचं रिम्स गाठा.