‘तू रडशील’ नावाचं फूल

फुलांना नावं द्यावीत तर आपणच. रातराणी, सदाफुली, अबोली, कृष्णकमळ! पण ‘तू रडशील’ असं नाव कुणी फुलाला दिलेलं ऐकलंय? दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात असं एक फूल आहे. तिथल्या डोंगरी लोकांच्या केचुआ भाषेत त्याला ‘वाकांकी’ म्हणतात. म्हणजे, तू रडशील. भडक केशरी रंग, तीन टोकदार पाकळ्या आणि त्यांच्यावर जांभळी बारीक लव. ऊन बदललं की त्या लवेमुळे रंगही बदलल्यासारखा वाटतो. त्याची एक लोककथा सांगतात. एका इंका राजकन्येचं एका साध्या शिपायावर प्रेम बसलं. त्याला दूर लढाईवर धाडलं. ती डोंगरात रडत हिंडली आणि जिथे तिचे अश्रू पडले तिथे ही फुलं उगवली.

हे फूल आहे ऑर्किड, म्हणजे आपल्याकडची आमरी. आणि ते उगवतं माचू पिच्चूच्या परिसरात. माचू पिच्चू म्हणजे इंका राजांनी पंधराव्या शतकात डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 2430 मीटर उंचीवर वसवलेलं दगडी नगर. 1911 साली हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने ते जगापुढे आणलं, 1983 साली ते जागतिक वारसा ठरलं. मी काही पेरूला गेलेले नाही. पण टीव्हीवर त्या भिंती दिसल्या की माझी नजर भोवतीच्या हिरव्या गर्द उतारांवर जाते. कारण त्या संरक्षित जंगलात ऑर्किडच्या चारशेच्या आसपास जाती आहेत!

एवढ्या कशा? एका बाजूला उंच अँडीज पर्वत, दुसऱ्या बाजूला ॲमेझॉनचं खोरं. खालून येणारी दमट हवा डोंगराला अडते आणि सगळं रान धुक्यात भिजत राहतं. ऑर्किडला हेच हवं असतं. बऱ्याचशा जाती झाडांच्या फांद्यांवर राहतात, हवेतला ओलावा मुळांनी शोषून घेतात. वाकांकी मात्र खडकाळ, गवताळ उतारावर फुलते. ‘सोब्रालिया’ नावाची जात बांबूसारखी उंच वाढते. आणखी एक आहे ‘विन्याय वायना’, अर्थ ‘सदा तरुण’. जवळजवळ वर्षभर फुलते, म्हणून हे नाव. माचू पिच्चूला जाणाऱ्या जुन्या इंका पायवाटेवरच्या एका प्राचीन ठिकाणालाही याच फुलाचं नाव आहे.

आपल्याकडे झाडावर वाढलेलं ऑर्किड दिसलं की ‘बांडगूळ आलं’ म्हणतात. मैत्रिणींनो, ते बांडगूळ नव्हे! बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. आपल्या सह्याद्रीतली ‘सीतेची वेणी’ही तशीच. मागे आमच्या महिला मंडळाची सहल आंबोलीला गेली होती. एकीने फांदीसकट ऑर्किड ओढून घेतलं, ‘अंगणात लावीन’ म्हणून. महिन्याभरात ते वाळलं. वाळणारच! ऑर्किडच्या एका शेंगेत धुळीसारख्या बारीक लाखो बिया असतात, पण बीमध्ये अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते. पुढे फूल यायला काही वर्षं लागतात. फूल येतं तेव्हा विशिष्ट कीटक किंवा पक्षी लागतो. असा सगळा संसार जमलेला असतो. आपण उचलतो फक्त रोप, संसार मागेच राहतो.

हावरेपणाचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं होतं. रोपं मिळवायला दक्षिण अमेरिकेतली झाडंच्या झाडं तोडली गेली. अलीकडचंही ऐका. 2002 साली उत्तर पेरूत एक वीतभर रुंद, जांभळट गुलाबी ऑर्किड जगाला कळलं. एका अमेरिकन माणसाने परवान्याशिवाय ते आपल्या देशात नेलं, पुढे 2004 साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण तोवर ज्या उतारावर ते वाढत होतं, तिथली रोपं लोकांनी उपटून नेली होती. पुढे पेरू सरकारने परवानाधारक रोपवाटिकांना मोजकी रोपं घेऊ दिली. त्यांच्यापासून वाढवलेली रोपं आता कायद्याने विकत मिळतात.

माचू पिच्चूच्या बाजूलाही काळजी घेतली जाते. इंका पायवाटेवर दिवसाला 500 जणांनाच सोडतात. त्यात वाटाडे आणि हमालही आले. दर फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. खालच्या गावातल्या इंकाटेरा हॉटेलने तर आपल्या आवारात साडेतीनशेहून अधिक जातींची ऑर्किड जपली आहेत. धोका टळला असं मात्र नाही. कोरड्या हंगामात शेत भाजायला लावलेली आग उतारांवर पसरते आणि धुक्याचं रान जळतं.

ऑर्किड आवडत असेल तर जरूर लावा. पण विचारून घ्या, हे रोपवाटिकेत वाढवलेलं आहे की जंगलातून ओरबाडलेलं? आठवडी बाजारात कुणी झाडाच्या सालीसकट ऑर्किड विकायला बसलं, तर घेऊ नका. आपण घेतलं की पुढच्या आठवड्यात तो आणखी दहा आणणार. आणि सहलीला गेलात तर फुलाचा फोटो काढा, शेजारणीला दाखवा, ते बांडगूळ नाही हेही सांगा. पण फांदी तिथेच राहू द्या.