अकरा महिन्यांचा धाक

पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या बेचक्यात वसलेल्या कळव्यात घर भाड्याने देणे हा व्यवहार आता गावठाणातल्या चाळमालकांपुरता राहिलेला नाही. खारेगाव-विटाव्याच्या भूमिपुत्रांनी आपल्या जागेत बांधलेल्या खोल्या आहेतच. परंतु ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत हयात घालवून, निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या फंडाच्या रकमेतून पारसिकनगरात किंवा मनीषानगरात दुसरे घर घेऊन ठेवणारा मध्यमवर्गीय गृहस्थही आज घरमालक झाला आहे. ज्याने उभ्या जन्मात न्यायालयाची पायरी चढलेली नाही अशा या गृहस्थाला भाडेकरूचा विषय निघताच आधी चिंता पडते ती भाड्याची नव्हे, ताब्याची: उद्या हा इसम उठलाच नाही तर काय?

ही चिंता निराधार होती असे कोणी म्हणू नये. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला जखडून टाकली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे जवळजवळ अशक्य करून ठेवले. त्यातून सुटका म्हणून मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता केवळ राहण्याची अनुज्ञा देणाऱ्या कराराचा, मार्ग काढला, तोही १९७३ च्या दुरुस्तीने असा उलटला की, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे जे लायसन्सवर जागेत राहत होते, त्यांना कायद्यानेच भाडेकरूचा दर्जा बहाल केला. पुढे कित्येक मालकांनी घर रिकामे, कुलूपबंद ठेवणे पसंत केले, त्यात नवल नव्हते. नवल आहे ते हे की, कायदा बदलून पाव शतक लोटले तरी धाक मात्र तसाच आहे.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमानुसार, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपताच ताबा परत मिळवण्याचा मालकाला हक्क आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे संक्षिप्त पद्धतीने दाद मागता येते, आणि मुदतीनंतर अडून बसलेल्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे नमूद आहे तेच निर्णायक पुरावा मानले जाते. मात्र ही सोय निवासापुरती आहे; राहण्यासाठी दिलेल्या फ्लॅटमध्ये पुढे शिकवणीचा वर्ग किंवा दुकानाचे गोदाम थाटू देणाऱ्या मालकाने आपली ढाल आपल्या हाताने खाली ठेवली असे समजावे.

आणि येथेच अकरा महिन्यांचाच करार करण्याच्या रूढीने पुष्कळांचा घात केला आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, एवढ्या एका आधारावर ही रूढी उभी राहिली. परंतु महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे असे ठरवून त्याची जबाबदारी निःसंदिग्धपणे मालकावर टाकली आहे. ती पाळली नाही, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्टेशनबाहेरच्या एजंटाने मुद्रांकावर टंकून, नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे करार नव्हे. तो केवळ समाधानाचा कागद. या आळसाने वाचते ते काय? दरमहा १५,००० रुपये भाडे, ५०,००० अनामत आणि २४ महिन्यांची मुदत धरली, तर एकूण भाडे ३,६०,०००, अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी मानलेले व्याज १०,०००, आणि या ३,७०,००० वर पाव टक्का म्हणजे ९२५ रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, वर दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च. आधारवर आधारित ई-नोंदणी घरबसल्या होते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग लावावी लागत नाही. साठ महिन्यांपर्यंतचा करार करता येतो, तेव्हा दर अकरा महिन्यांनी तोच खटाटोप आणि एजंटाची तीच दलाली कशासाठी, हे मला आजवर उमगलेले नाही.

कागद पक्का झाला की माणसाची पारख अधिक शांत चित्ताने करता येते. कळव्यात घर शोधणाऱ्यांत छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातील परिचारिका आणि त्याला जोडलेल्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे शिकाऊ डॉक्टर असतात, ऐरोलीच्या संगणक कंपन्यांत जाणारी तरुण मंडळी असतात, ठाण्याचे भाडे न परवडल्याने एक स्टेशन पुढे आलेली कुटुंबे असतात. यांच्याकडून नोकरीचे पत्र, अलीकडच्या वेतनचिठ्ठ्या, आधार व पॅनकार्डाच्या मूळ प्रती आणि गावाकडचा कायमचा पत्ता मागावा. भाडे मासिक प्राप्तीच्या एक तृतीयांशाहून फार पुढे जात असेल तर आपल्याच हिताकरिता नम्रपणे नकार द्यावा. पूर्वीच्या घरमालकाकडे चौकशी करायची, तर सध्याच्यापेक्षा त्याच्याही आधीच्या मालकाकडे करावी, कारण सध्याच्याला ब्याद टळावी म्हणून स्तुती करण्याचा मोह होऊ शकतो. आडनाव विचारून, स्वयंपाकघरात काय शिजते याची शहानिशा करून, किंवा एकट्या स्त्रीला दारातूनच परत पाठवून मात्र काही साधत नाही. वक्तशीर भाडे देणारा आणि बुडवणारा यांची वर्गवारी जातीधर्मावरून करता आली असती, तर बँकांनी ती केव्हाच केली असती.

भाडेकरूची माहिती ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत स्थानिक पोलीस ठाण्याला कळवून पोच जपून ठेवावी. सोसायटीलाही आगाऊ सूचना आणि कराराची प्रत द्यावी. मालक स्वतः राहत नाही म्हणून तिने बिनभोगवटा शुल्क अवाच्या सवा मागितले, तर शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाकडे बोट दाखवावे: सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक ते आकारता येत नाही.

‘हेवी डिपॉझिट’ नावाचा जो प्रकार या पट्ट्यात बोकाळला आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. भाडे नाममात्र किंवा मुळीच नाही, आणि त्याबदली चार-सहा लाख रुपये मालकाच्या हाती. मुलीचे लग्न किंवा मुलाची फी अडलेल्या गृहस्थाला हा व्यवहार दैवी वाटतो. परंतु ती रक्कम ठेव आहे, उत्पन्न नव्हे. ती खर्च झाली की मुदत संपल्यावर घर सोडण्यास भाडेकरू तयार असतो आणि पैसे परत देण्यास मालक असमर्थ, आणि मग नवी अनामत देणारा दुसरा मिळेपर्यंत घराचा खरा धनी कोण, हा प्रश्न उरतो. हाच फास भाडेकरूच्याही गळ्यात असतो, विशेषतः इमारत अनधिकृत किंवा गहाण असेल तर. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत पुरेशी आहे.

घर सोपवताना वस्तूंची यादी सही घेऊन करावी, भिंतींची व नळांची छायाचित्रे काढावीत आणि वीजमापकाचा आकडा टिपून ठेवावा. कळवा-मुंब्रा-दिवा भागात मार्च २०२० पासून महावितरणच्या वतीने टोरेंट पॉवर बिले वसूल करते, आणि मीटर मालकाच्या नावावर असल्याने बुडालेली थकबाकी शेवटी त्याच्याच दारी येते. भाडे बँकेतूनच घ्यावे. पावसाळ्यात छत गळले तर ते काम मालकाचे आहे, आणि ते वेळेवर केले तर भाडे अडवण्याचे एक निमित्त तरी कमी होते.

एवढे करूनही भाडे थकले तर पाणी तोडणे, वीज बंद करणे, कुलूप बदलणे असल्या वाटा चोखाळू नयेत. अत्यावश्यक सोयी तोडण्यास भाडे नियंत्रण कायद्याच्या २९ व्या कलमाने मनाई केली आहे, आणि थकबाकीदाराला फिर्यादी बनवण्याचा याहून सोपा उपाय नाही. करारात ठरलेली नोटीस लेखी द्यावी, मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे. आणि भाडेकरू मुदतीपूर्वीच आपखुशीने निघून गेला, तर नोंदलेला दस्त कागदोपत्री जिवंतच राहतो, याचे भान ठेवून अनामत परत करतेवेळीच ताबा सोडल्याची तारीखवार पावती, दोघांच्या सह्यांसह, घेऊन ठेवावी.