गच्चीवरील वेधशाळा आणि घरचा कारभार

इंदूरच्या हवेचे जे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, ते शहराच्या पश्चिमेस विमानतळावरील वेधशाळेत नोंदलेले असतात. आपले खजराना पूर्वेस. मध्ये सारे शहर पसरलेले. पौषातील थंडीच्या किंवा वैशाखातील उन्हाच्या बाबतीत ह्या अंतराने फारसे बिघडत नाही. वळवाच्या पावसाचे मात्र तसे नाही. वळवाचा ढग दोन-चार कोसांचा मुलूख भिजवतो आणि विरून जातो. विमानतळावर लख्ख ऊन आणि गणेश मंदिराच्या रस्त्यावर पाणीच पाणी, हा प्रकार येथील कोणत्याही कुटुंबास नवा नाही. तेव्हा आपल्या गच्चीवर आपले स्वतःचे हवामान-यंत्र असावे, ह्या इच्छेस निव्वळ हौस म्हणून हसण्याचे कारण नाही.

अशी यंत्रे आता बाजारात सहज मिळतात. तापमान, आर्द्रता, वायुभार, वारा आणि पाऊस ह्या पाच गोष्टी ती मोजतात. परंतु बहुतेक घरांत तो आकडा दिवाणखान्यातील लहानशा पडद्यावर उमटतो, आल्यागेल्यास कौतुकाने दाखविला जातो, आणि तेथेच त्याचे कार्य संपते. तोच आकडा कूलरच्या पंपास, खिडकीतील पंख्यास, पावसाच्या पाण्याच्या झडपेस कळला तर? यंत्राने पाहावे आणि घराने वागावे, अशी जोड कशी घालता येते, ते ह्या लेखात पाहू.

प्रथम यंत्राची ओळख. पाऊस मोजणाऱ्या भागात लहान मुलांच्या ढेंकुळीसारखी एक दुहेरी पळी असते. तिच्या एका बाजूत ठरावीक पाणी साठले, बहुधा ०.२ मिलिमीटर पावसाएवढे, की ती झुकते, पाणी सांडते, आणि दुसरी बाजू वर येते. प्रत्येक झुकण्यासरशी एक चुंबक एका बारीक कळीपुढून जातो व एक विजेचा ठोका निघतो. ठोके मोजले की पाऊस मोजला! ही कल्पना सतराव्या शतकातील आहे. लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधणारे क्रिस्टोफर रेन ह्यांच्या नावावर ती सांगितली जाते. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या आयर्लंडमधील रॉबिन्सन ह्यांनी १८४६ साली प्रचारात आणल्या. तापमापकावर पांढऱ्या झडपांची जी पेटी असते, ती स्कॉटलंडचे दीपगृह-अभियंते टॉमस स्टीव्हन्सन ह्यांची. ‘ट्रेझर आयलंड’ ही चाच्यांची गोष्ट ज्या विद्यार्थ्यांनी वाचली असेल, त्यांस सांगावयास हरकत नाही की तिचा लेखक ह्याच गृहस्थांचा मुलगा. मुलाने समुद्रावरच्या कथा लिहिल्या. बापाने समुद्रातले दिवे बांधले आणि तापमापकास सावली दिली.

आता जोडणीचा मुद्दा. यंत्र गच्चीवर, पंखा खाली खोलीत, झडप परसात. प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलावयाचे म्हटले तर तारांचे आणि आज्ञांचे जंजाळ होईल. ह्यावर जो तोडगा निघाला, तो आपल्याकडील दवंडीसारखा आहे. दवंडी पिटणारा चौकात उभा राहून वार्ता सांगतो. कोण ऐकते, त्याचे पुढे काय करते, ह्याची त्यास विचारपूस नसते. शेतकरी आपल्या कामाचे तेवढे उचलतो, वाणी आपल्या कामाचे. अगदी ह्याच तत्त्वावर चालणारी ‘एम्. क्यू. टी. टी.’ नावाची संदेशपद्धती अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर ह्या दोघा अभियंत्यांनी १९९९ साली तयार केली. दूरवर पसरलेल्या तेलाच्या नळांवरील मोजमापे उपग्रहामार्फत थोडक्या खर्चात कळवावी, हे त्यांचे प्रयोजन होते. म्हणून संदेश अगदी आटोपशीर ठेवले गेले, आणि म्हणूनच ती पद्धती घरातील चिमुकल्या यंत्रांसही मानवली. गच्चीवरील यंत्र ‘गच्ची, तापमान’ अशा मथळ्याखाली आकडा जाहीर करते. मध्ये एक लहान संगणक चौकाचे काम करतो. त्याच संगणकावर ‘होम असिस्टंट’ सारखी, २०१३ पासून विकसित होत आलेली मोफत प्रणाली बसविली, की ती हे आकडे ऐकून आपण घालून दिलेल्या नियमांप्रमाणे पंखे आणि झडपा हलविते.

खरी बुद्धी लागते ती ह्या नियमांत. तेव्हा तेथे थोडे थांबू.

कूलरचेच उदाहरण घ्या. कूलर हवा थंड करतो तो पाणी वाळवून. आणि पाणी किती वाळेल हे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून. तापमापकाच्या फुग्यास ओले फडके गुंडाळून वारा घातला असता पारा जेथवर उतरतो, ती कूलरची परमसीमा. तिच्या खाली कोणताही कूलर जाऊ शकत नाही. मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असेल, तर ही सीमा सुमारे २३ अंशांवर येते. म्हणजे १७ अंशांचा वाव झाला, आणि चांगला कूलर त्याचा पाऊण हिस्सा तरी पदरात टाकतो. जुलैमध्ये ३० अंश व ८० टक्के आर्द्रता असता तीच सीमा २७ वर चढते. वाव उरला अवघा ३ अंशांचा! अशा वेळी पंप चालवून घरात दमटपणा आणि भिंतींवर ओल ह्यांखेरीज काही पदरी पडत नाही. आमचे मूळ घर कोंकणी मुलखातले. तिकडे पणजीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. इंदूरच्या सुमारे तिप्पट. तिकडील उन्हाळाही घामाचा, त्यामुळे कूलरास तेथे कोणी विचारीत नाही. माळव्यात तो आठ-दहा आठवडे खरोखर उपकारी, आणि मग एका पावसात निरुपयोगी. ह्याचा दिवस कॅलेंडरावर ठरत नाही; आर्द्रता आणि तापमान एकत्र पाहूनच ठरतो. म्हणून नियम असा घालावा: वाव ८ अंशांहून अधिक असेल तर पंप चालू, त्याहून कमी असेल तर नुसता पंखा.

दुसरा नियम रात्रीचा. माळव्याची रात्र थंडाव्याविषयी पूर्वीपासून नावाजलेली आहे. तरी वरच्या मजल्यावर निजणाऱ्या वृद्ध मंडळींस उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब उशिरापर्यंत उष्णता सोडीत असतो. बाहेर हवा गार झालेली असते. आत ती कोणी आणावयाची? खोलीत एक तापमापक ठेवून, बाहेरचे तापमान आतल्याहून २ अंशांनी उतरले की हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू करावा व दोन्ही सारखी झाली की बंद करावा. चालू होण्याची व बंद होण्याची रेषा निरनिराळी ठेवणे आवश्यक आहे. एकच रेषा ठेवली तर पारा तिच्याभोवती पाव-पाव अंशाने नाचतो आणि पंखाही त्याच्या तालावर रात्रभर चालू-बंद होत राहतो. आणि खिडकी उघडी असल्याखेरीज हा पंखा काही करू शकत नाही. ते काम अजून माणसाचे आहे.

तिसरे पाण्याचे. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. २२ ऑगस्ट २०२० च्या सुमारास इंदुरात चोवीस तासांत दहा इंचांच्या आसपास, म्हणजे जवळपास २५० मिलिमीटर पाऊस झाला. शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर हे पंचवीस हजार लिटर होतात! जे शहर नर्मदेचे पाणी जलूदहून डोंगर चढवून आणते, त्याने गच्चीवरचे पाणी गटारात घालवावे, हे आम्हास पटत नाही. पण पहिल्या सरीचे पाणी धूळ, पाने आणि कबुतरांची घाण घेऊन उतरते. ते विंधन-विहिरीच्या शोषखड्ड्यात जाऊ देता कामा नये. येथे पळीचे ठोके कामास येतात. तीन दिवसांच्या खंडानंतर पाऊस आला तर पहिले दहा ठोके, म्हणजे दोन मिलिमीटर, बाहेर सोडावे. अकराव्या ठोक्यास झडप गाळणीच्या बाजूस वळावी. वीज गेली असता झडप आपोआप बाहेरच्या बाजूस परतेल अशीच घ्यावी.

ह्यापेक्षाही नाजूक प्रश्न आहे यंत्राच्या मौनाचा. समजा, संध्याकाळी सहास गच्चीवरील यंत्राची बॅटरी संपली. चौकात शेवटची वार्ता तशीच लटकत राहते: ‘३८ अंश’. रात्री अकरा वाजता घर तीच खरी मानते, बाहेर अजून तापलेलेच आहे असे धरून पंखा लावीत नाही, आणि वरच्या मजल्यावरील आजोबा घामाघूम होतात. यंत्र चुकीचे बोलले तर कोणाच्या तरी लक्षात येते. गप्प बसले तर येत नाही. वर सांगितलेल्या पद्धतीत ह्यावर एक मौजेची सोय आहे. प्रत्येक यंत्र जोडले जातानाच आपले ‘मृत्युपत्र’ लिहून ठेवू शकते. त्याचा संबंध अचानक तुटला की ते चौकात वाचून दाखविले जाते. परंतु गच्चीवरील यंत्र बिनतारी लहरींनी घरातील ग्राहकाशी बोलते व मृत्युपत्र असते ग्राहकाचे. गच्चीवरचे मेले तरी ग्राहक जिवंतच! म्हणून दुसरी तजवीजही हवी: पंधरा मिनिटांहून जुना आकडा मुळी मानावयाचाच नाही. अशा वेळी घराने साऱ्या आपोआप आज्ञा थांबवून दारावर तांबडा दिवा लावावा, म्हणजे माणसे जुन्या रीतीने बटण दाबतील.

काही यंत्रे आपले आकडे आधी कंपनीच्या परदेशातील संगणकास पाठवितात व तेथून ते आपल्याकडे परततात. सोय म्हणून हे ठीक आहे. पण वादळात पहिल्याने तुटते ते इंटरनेट, आणि वादळाचीच वार्ता तर आपणास हवी असते. आकडा गच्चीवरून जिन्याने खाली यावा. त्याने सातासमुद्रांची यात्रा करण्याचे कारण नाही. यंत्र घेताना ते घरातल्या घरात आकडे देते की नाही, हे विचारूनच घ्यावे. आणि पंखा वा पंप ह्यांच्या २३० व्होल्टांच्या तारांस विद्यार्थ्यांनी हात लावू नये; ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचे.

आता बसविण्याविषयी. वेधशाळेत तापमापक गवताळ जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. उन्हात भाजलेल्या गच्चीवर तो ठेवला की दुपारी काही अंश अधिकच दाखविणार. तेव्हा तो उत्तरेकडील सावलीत, भिंतीपासून दूर, खांबावर असावा. पर्जन्यमापकास मात्र मोकळे आकाश हवे. त्याच्या नरसाळ्यात कडुनिंबाचे एक पान अडकले तरी भर पावसात ‘पाऊस नाही’ असे उत्तर येते.

पळी खरी बोलते की नाही, हे मे महिन्यात घरीच तपासता येते. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजावा. तो २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, आणि १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१४ मिलिलिटर पाणी. तेवढे पाणी मोजून बाटलीत भरावे, बुडाशी सुईने भोक पाडावे व थेंबथेंब करीत ते तासाभरात नरसाळ्यात गळू द्यावे. घाईने ओतल्यास पळीस उसंत मिळत नाही व ठोके कमी पडतात. ०.२ मिलिमीटरांच्या हिशेबाने ५० ठोके यावयास हवेत. ४६ आले, तर प्रत्येक ठोका ०.२१७ मिलिमीटरांचा धरावा आणि तोच आकडा संगणकात लिहावा. हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी उरकून घ्यावे.