पऱ्हाटीतलं सेल्युलोज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, उपटली जाते. काही चुलीत जाते, बरीचशी बांधावरच पेटवतात. तिच्यातून सेल्युलोज काढता येतं ही गोष्ट आता गावोगाव पोचली आहे, पण तिच्याबरोबर काही चुकीच्या समजुतीही पोचल्या आहेत.

गैरसमज: सेल्युलोज फक्त रुईत असतं.
वस्तुस्थिती: रुईत ते 90 टक्क्यांहून जास्त असतं, हे खरं. पण वाळलेल्या पऱ्हाटीतही वजनाच्या साधारण 40 टक्के सेल्युलोज असतं. तिथे ते हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्यात गुंतलेलं असतं, म्हणून सोडवून घ्यावं लागतं.

गैरसमज: भुकटी पांढरीशुभ्र झाली म्हणजे सेल्युलोज शुद्ध झालं.
वस्तुस्थिती: आधी गरम कॉस्टिक सोड्यात लिग्निन आणि हेमिसेल्युलोजचा मोठा भाग विरघळवतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने उरलेला रंग घालवतात. पण हेमिसेल्युलोजला मुळात रंगच नसतो. ते मागे राहिलं तरी डोळ्यांना कळत नाही. म्हणून नमुना 17.5 टक्के कॉस्टिक सोड्यात भिजवतात. जे विरघळत नाही, ते अल्फा-सेल्युलोज. लिग्निन उरलं असेल, तर इन्फ्रारेड आलेखात 1510 सेमी⁻¹ च्या आसपास त्याची खूण दिसते.

गैरसमज: आम्ल जितकं कडक, तितकं उत्पादन जास्त.
वस्तुस्थिती: कडक आम्लात सेल्युलोजच्या साखळ्या तुटून ग्लुकोज होतं आणि ते धुण्याच्या पाण्यात निघून जातं. नॅनोसेल्युलोजसाठी, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म कणांसाठी, साधारण 64 टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरतात, तेव्हा तापमान आणि वेळ काटेकोर सांभाळावी लागते. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे.

गैरसमज: पऱ्हाटी फुकटची, म्हणून सेल्युलोज स्वस्त आणि निसर्गाला निर्धोक.
वस्तुस्थिती: गोळा करणं, बारीक करणं आणि वाहून नेणं यांना पैसे पडतात. लगदा धुताना निघणारं काळं, क्षारयुक्त पाणी प्रक्रिया न करता ओढ्यात सोडलं, तर ओढा नासतो.

पऱ्हाटी शेतातून वेळेत हलवायला हवीच, कारण तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते. पण सांडपाण्याची सोय नसेल, तर सेल्युलोजच्या मागे लागू नये. तिथे पऱ्हाटीचा भुगा करून कंपोस्ट करावं किंवा ती पार्टिकल बोर्डच्या कारखान्याला द्यावी. शेतकऱ्याचं आणि जमिनीचं भलं त्यातच आहे.