गिऱ्हाइकाचा तारा आणि वेटरची भाकरी



पूर्वी परगावी उतरले म्हणजे चांगली खाणावळ कोठे आहे, हे आपण टांगेवाल्याला विचारीत असू. आज माणूस घरून निघण्यापूर्वीच शेकडो अनोळखी पाहुण्यांची मते मोबाईलवर वाचतो. अमेरिकेत २००० साली ट्रिपॲडव्हायजर निघाले. आज झोमॅटो म्हणून ओळखली जाणारी सेवा २००८ साली दिल्लीत सुरू झाली. पाहुणा पाचपैकी गुण किंवा तारे देतो, दोन ओळी लिहितो, आणि त्या साऱ्यांचा मिळून एक आकडा जगापुढे मांडला जातो.

या आकड्याला बाजारात किंमत आहे. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी सिॲटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास २०११ साली मांडला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न शेकडा ५ ते ९ वाढते, असे त्यांना आढळले. ठिकठिकाणी शाखा असलेल्या साखळी-हॉटेलांवर मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे ताऱ्याचा मार बसतो तो लहान हॉटेलाला. साधे गणित पाहा. दहा पाहुण्यांनी पाच-पाच तारे दिले आणि अकराव्याने एकच दिला, तर सरासरी ४.६ वर उतरते. तेच दहाऐवजी दोनशे अभिप्राय असते, तर ती जेमतेम हलली असती.

शिवाय तारा खोटाही असू शकतो. २०१७ साली लंडनच्या डलिच भागात एकाने आपल्या परसातील शेड हे उपाहारगृह असल्याचे भासविले आणि मित्रांकडून स्तुती लिहवून घेतली. जेथे एक पानही वाढले गेले नव्हते, ते ठिकाण ट्रिपॲडव्हायजरवर लंडनमध्ये पहिले आले! आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी मानक ठरविले. लिहिणारा खरा आहे की नाही हे तपासावे, विकत घेतलेले अभिप्राय देऊ नयेत, असे त्यात आहे. हे उत्तम झाले. परंतु ही सोय गिऱ्हाइकासाठी आहे. वेटरचे काय?

एका वेटरचे प्रकरण माझ्याकडे आले होते. जेवण उशिरा आले म्हणून पाहुण्याने एक तारा दिला आणि वेटरच्या छातीवरील पट्टीवरचे नाव वाचून तेही लिहिले. मालकाने त्याला टेबलावरून काढून भांडी घासावयास बसविले. त्याची बक्षिशी बुडाली. आम्ही एवढेच म्हटले, त्या दिवशीचा हजेरीपट काढा. भटारखान्यात दोन आचारी गैरहजर होते! वेटर पुन्हा टेबलावर आला; पण तो अभिप्राय जेथल्या तेथेच राहिला.

तारे देऊ नका, असे माझे म्हणणे नाही. तक्रार अवश्य करा. पण ती जेवणाची करा, वेळेची करा. नाव घालावयाचे तर ते कौतुकात घाला. आणि मालकांना सांगणे असे की, अभिप्राय ही तक्रार आहे, निकाल नव्हे. तक्रार आली म्हणजे चौकशी करावी, आणि चौकशीत कामगाराला बोलू द्यावे.